तोंड वाकडं, ताल सरळ

वडूजहून विट्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. पन्नाशी उलटलेली, अंगात बँडवाल्याचा लाल कोट, मांडीवर ताशा. तोंड एका बाजूला ओढलेलं. बोटं ताशाच्या कडेवर सारखी नाचत होती.

"चाचा, किती वर्षं वाजवताय?"

"आठ म्हैनं," तो हसला. "त्याआधी तीस वर्षं क्लॅरिनेट. मग तोंडावरनं वारं गेलं. फुंकलं की सूर कमी, थुकी जास्त!"

दोन महिने तो घराबाहेर पडला नव्हता. वरात गल्लीतून गेली की कानांवर उशी दाबायचा. मग एका सकाळी उठला आणि आपल्याच जुन्या शागीर्दाकडं ताशा शिकायला गेला.

"रागावतो का तो?"

"रागावतोय की! मीच तसं शिकिवलंय त्याला. पण तोंड वाकडं झालं म्हणून काय झालं? ताल सरळ हाय."

विट्याच्या स्टँडवर बँडची मंडळी उभी होती. एक मिशाळ गडी ओरडला, "आवं, किती उशीर! काल दिलेला धडा केला का?"

चाचानं ताशा गळ्यात अडकवला, मान लववली आणि मोठ्यानं म्हणाला, "व्हय, उस्ताद."

मिशाळ गडी लाजून लाल झाला.