बांधावर ठरलेला भाव

माझा गाल खिडकीच्या काचेला चिकटला होता आणि काचेच्या पलीकडे चिखल होता. डावा हात अंगाखाली अडकलेला. तो ओढायला गेले तर मनगटातून अशी कळ आली की तोंडातून शिवीच बाहेर पडली. गाडी डाव्या कुशीवर पडली होती. पुढे माझा मुलगा सीटच्या पट्ट्याला लटकत होता आणि त्याच्या खाली शोरूमचा सेल्समन दबला होता. दोघांच्या तोंडापुढे पांढऱ्या पिशव्या फुगून फुटल्या होत्या. इंजिन बंद पडलं होतं, पण आतलं गाणं चालूच होतं.

"आये, जिती हाय का?" मुलाने विचारलं.

"जिती हाय. हात मोडला."

"कंचा?"

"डावा."

"बरा झाला. सहीचा हात शाबूत हाय."

हे तो थट्टेने बोलला नाही. त्याला खरंच बरं वाटलं होतं.

सहीचं असं होतं. आमची पनवेलजवळची शेती विमानतळाच्या कामात गेली आणि सुकापूरच्या तुकड्यावर बिल्डरने इमारत उभी केली. पैसे आले, फ्लॅट आले, मुलाने दोन डंपर घेतले. हे सगळं त्याच्या नावावर. माझ्या नावावर एकच गोष्ट राहिली, आपटा गावी नदीच्या बाजूला असलेलं माझ्या वडिलांचं शेत. जमीन म्हणजे आई वगैरे मी म्हणत नाही. तिथे विहीर आहे, एक पक्की खोली आहे आणि त्या खोलीची चावी माझ्या कमरेला आहे. मुलगा उद्या डंपरसकट बुडाला तर मला कोणाच्या दारात उभं राहायला लागू नये, एवढ्यासाठी ते शेत मला पाहिजे.

आणि पन्नाशीला आलेल्या माझ्या मुलाला पाहिजे होती शर्यतीच्या गाडीसारखी गाडी. लाल, जमिनीला टेकलेली, दोन दारांची. किंमत ऐकून मी त्याला विचारलं, "एवढ्या पैशात दारं दोनच? बाकीची दोन येगली इकत घ्यायची काय?" त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. गावात लग्नाच्या वरातीला मोठमोठ्या जीप येतात, तशी एक त्याच्याकडेही होती. पण ही गाडी कोणाकडेच नव्हती, म्हणून त्याला ती हवी होती.

त्याला अकरा लाख कमी पडत होते. डंपरचं कर्ज अजून फिटलं नव्हतं, त्यामुळे बँक पुढे देईना. मुंबईचा एक माणूस बंगल्यासाठी आपट्याची अर्धी जमीन घ्यायला तयार होता. विहीर आणि खोली त्याच अर्ध्यात येत होती. मी मुलाला सांगितलं, आधी गाडीची किंमत उतरव. अकरा लाख उतरले तर शेताचं नाव काढायचं नाही. नाही उतरले तर मी सही करीन. मी त्याच्या घरात जेवते. सरळ नाही म्हणून बसणं मला परवडणारं नव्हतं.

म्हणून मी त्याच्याबरोबर शोरूमला गेले. तिथे थंडी इतकी की मी पदर डोक्यावरून घेतला. लाल गाडी मागच्या शेडमध्ये कव्हर घालून ठेवली होती. ते कव्हर काढल्याबरोबर मुलाने गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हीच पायजे." भाव विचारायच्या आधी! माझे वडील बैल घ्यायला जायचे तेव्हा आवडलेल्या बैलाकडे पाठ करून उभे राहायचे. आणि हा त्यांचा नातू.

सेल्समन तिशीतला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, बोलणं गोड. हीच पाहिजे हे ऐकल्यावर त्याने किंमत जागची हलू दिली नाही. "आई, आमच्याकडे रेट फिक्स असतो. मॅट देतो, कव्हर देतो."

"मी तुजी आई नाय," मी म्हटलं. "आनि कव्हर तर तिच्यावर हायच, कबुतरांनी घान केलेला."

तो हसला. पण सही करणारी मी आहे हे त्याने ओळखलं होतं. ट्रायलसाठी त्यांच्याकडे तशीच दुसरी गाडी होती, पांढरी. नेहमी ती हायवेने पुढच्या पुलापर्यंत न्यायची आणि परत आणायची. मुलगा म्हणाला, आमच्या शेतावर नेऊ, आयेला पण बसवू. सेल्समनने एकदा मॅनेजरच्या खोलीकडे बघितलं, मग चावी उचलली. मला मागे बसवलं. ती जागा माणसासाठी नाही, पिशवीसाठी आहे. गुडघे हनुवटीला लागले.

आपटा फाट्यावरून आत वळलो तसा सेल्समन मुलाला चढवायला लागला. "दाबा साहेब. ही गाडी स्पीडमध्येच कळते. दाबा, दाबा."

मुलाने दाबली.

आता त्या रस्त्यावर एक गतिरोधक आहे. डंपर जोरात जायचे म्हणून गावाने तो घातला आहे, साध्या गाडीचाही तळ घासेल इतका उंच. तो घालायला सगळ्यात जास्त भांडला होता तो माझाच मुलगा. एका डंपरने गावातली शेळी मारली होती. तो डंपर दुसऱ्याचा होता, त्यामुळे याला फार राग आला होता. उभं राहून त्याने तो बांधून घेतला, वर नारळही फोडला. आणि त्या दिवशी त्यालाच त्याचा विसर पडला. गाडी उडाली, वाकडी खाली आली, ओल्या रस्त्यावरून घसरली आणि लावणी झालेल्या शेतात जाऊन पडली. चिखल होता म्हणून वाचलो.

शेतात काम करणारी एक बाई धावत आली. वरचं दार उघडून तिने आधी मुलाला काढलं, मग दोघांनी मिळून मला आणि सेल्समनला ओढलं. माझं तोंड बघून ती म्हणाली, "आत्ये, तू? या वयात असल्या गाडीत काय करतंस?"

"शेत वाचवतंय," मी म्हटलं.

"मंग माजा कशाला बुडवलाव?"

तिचं बरोबर होतं. तिच्या रोपांची भरपाई मुलाने नंतर दिली. तिने डोक्याचा टॉवेल सोडून माझा हात गळ्यात बांधला. मुलगा ट्रॅक्टर बघायला गावात गेला आणि ती पाणी आणायला घराकडे गेली. बांधावर मी आणि सेल्समन उरलो. त्याच्या ओठातून रक्त येत होतं, एक बूट चिखलात गेला होता. पण तो ओठ पुसत नव्हता की बूट शोधत नव्हता. गाडीकडे बघत बसला होता.

"आई, माझी नोकरी जाणार," तो म्हणाला. "इकडे गाडी आणायची परवानगी नव्हती. आणि मी त्यांना दाबा म्हटलं, ते सरांना कळलं तर आजच घरी बसवतील."

"मी ऐकला," मी म्हटलं. "दोनदा नाय, लय येला बोललास."

"तुम्ही सांगू नका. प्लीज."

मनगट सुजून दुधीएवढं झालं होतं. डोकं मात्र चालत होतं. मी त्याला म्हटलं, "मी नाय सांगनार. पन मना फुकट काय करायची सवय नाय. त्या लाल गाडीचा खरा भाव सांग."

तो वाकून चिखलात बूट शोधायला लागला.

"नाय सांगायचा तर नको सांगूस. माजा पोरगा येल आता."

मग त्याने सांगितलं. लाल गाडी गेल्या वर्षी बनलेली होती. एका गिऱ्हाईकाने बुक करून सोडून दिली होती. जुन्या सालाच्या गाडीवर कंपनी सूट देते, ती शोरूम स्वतःकडेच ठेवणार होतं. विम्याचा आकडा फुगवलेला होता आणि हाताळणीचे म्हणून जे पैसे लावले होते ते लावायचेच नसतात.

"सायब किती खाली येल?"

"बारा लाखांपर्यंत कमी करतील. पण सहज नाही."

"सहज मना पन नको," मी म्हटलं. "आता तोंड पूस."

हे ऐकून कोणाला वाटेल की म्हातारीने अडलेल्या माणसाला पिळलं. हो, पिळलं. त्याने माझ्या मुलाला दाबा म्हणून सांगताना मी मागे कशी बसले आहे हे बघितलं नव्हतं.

प्लास्टर घातल्यावर चार दिवसांनी आम्ही परत शोरूमला गेलो. या वेळी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. मॅनेजर समोर, सेल्समन दाराजवळ उभा, नवीन बूट घातलेला. मॅनेजरने आधी माझ्या हाताची चौकशी केली, मग पांढऱ्या गाडीच्या खर्चावर आला.

"विमा हाय ना तिचा?" मी विचारलं.

"आहे, पण आजी, काही भाग तुमच्याकडून..."

"माज्या हाताचा भाग कोन देनार? तुमी हात मागू नका म्हना, आमी गाडी मागू नका म्हनतो. फिटला. आता लाल गाडीचा बोला."

त्याने पाच लाख कमी केले. मी पाणी मागवलं. मुलगा खुर्चीत चुळबुळ करत होता. पाच म्हणजे विहीर गेली. मॅनेजर सातावर आला. सातानेही विहीर जात होती. मी पाणी प्यायले आणि आणखी मागवलं.

"आजी, याच्यापुढे नाही होणार. नवीन गाडी आहे."

"गेल्या वर्साची."

त्याने मान वर केली. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी सेल्समनकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तो तिथेच संपला असता. "कव्हर बगा तिचा," मी म्हटलं. "कबुतरांची घान थरावर थर सुकलीय. नवीन माल विकत असता तर कबुतरांना बसायला टाइम कुटून भेटला असता?"

मॅनेजर हसला, पण नजर दाराकडे गेली. मग त्याने मुलाला विचारलं, "बरं, मला एक सांगा. गाडी तिकडे गावात न्या असं कोण म्हणालं? आणि एवढ्या स्पीडला?"

मुलाचे डोळे चमकले. त्याला वाटलं हातात हुकूम आला. "आये, सांग ना! ह्योच बोलला..."

"गाडी कोन चालवत होता?" मी त्याला विचारलं.

"मीच, पन..."

"गावात ने कोन बोलला?"

"मी. पन आये, ह्याने..."

"गतिरोधक कोनी घातला?"

त्याचे कान लाल झाले. मॅनेजरला गतिरोधकाचं काही कळलं नाही, आणि ते बरंच झालं. बांधावर बोलले ते बोलले. शिवाय सेल्समनला त्याच खोलीत उघडं पाडलं असतं तर मॅनेजर त्याच्यावर चिडला असता आणि भावाची गोष्ट तिथेच राहिली असती.

"अकरा लाख कमी करा," मी म्हटलं. "हाताळनीचे पैसे काढा, विमा आमचा आमी बगू. नायतर ती गाडी कबुतरांना ठेवा. पोरगा माजा रडेल, पन मी त्याला रडताना लय बगितलाय."

मॅनेजर बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. मुलगा माझ्या कानाशी पुटपुटला, "हातची घालवलीस." मी त्याला म्हटलं, तुला भूक लागली असेल तर बाहेर वडापाव मिळतो. सेल्समन जमिनीकडे बघत उभा होता. सही करायची वेळ आली तर खोलीतली भांडी कुठे हलवायची, याचा विचार मी करत होते. मी एवढं बोलत होते तरी मला खात्री नव्हती.

मॅनेजर आला आणि म्हणाला, ठीक आहे, अकरा. बारावा मी मागितला नाही. मॅट मात्र मागितल्या.

आपट्याची सही झाली नाही. मुंबईच्या माणसाला मुलाने फोनवर नाही सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "खूश?" मी म्हटलं, हो. लाल गाडी आपट्याला कधी आली नाही. तो गतिरोधक तिला चढता येत नाही. मी एसटीने जाते. हात थंडीत दुखतो, बाकी चालतो. सेल्समन आता दुसऱ्या शोरूमला आहे. दिवाळीला फोन करून आई म्हणतो, आणि मी त्याची आई नाही हे मी दर वेळी सांगते.

पांढरी गाडी भंगारात गेली. त्या दिवशी तिच्यात मी, माझा मुलगा आणि तो सेल्समन होतो. तिघेही जिवंत आहोत.