गोणीचा दोर

मलकापुरात पाण्याची टाकी बांधत होते, तेव्हा तिथला मुकादम माझ्या दुकानापाशी बसून बशीतला चहा फुंकायचा आणि बांबूंच्या परांचीवरच्या गड्यांवर खेकसायचा. सिमेंटची गोणी वर जायची असली की मात्र चहा सोडून उठायचा, दोराची गाठ स्वतः ओढून बघायचा. माणसं बिनदोराची चढत.

एकदा मी विचारलं, "गड्याईले काऊन नाही बांधत दोर?"

"सिमेंट परमिटचं हाय, भाऊ. सांडलं तर दुसरं भेटत नाही."

टाकीच्या उद्घाटनाच्या दिवशी देवाच्या फोटोला हार घालायला हाच मुकादम गुडघाभर स्टुलावर चढला आणि घाबरून ओरडला, "धरा बे! पडीन ना मी!"

स्टूल धरणारा परांचीवरचा गडी शांतपणे म्हणाला, "मुकादम, गोणीचा दोर आणू का?"