बाबांच्या दंडारीची डीव्हीडी

आज रविवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. मी आंधळगावच्या घरी लॅपटॉपसमोर बसलो होतो. बाबांच्या दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, डीव्हीडी पेन ड्राइव्हवर उतरवायची होती. बाबांना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांचा आवाज फक्त याच डिस्कमध्ये आहे.

लग्नाची डीव्हीडी चालली, सिनेमाची चालली. ही लावली की लॅपटॉप आतून घरघरायला लागतो. पहिल्यांदा बाबा राजाच्या वेशात आले आणि तोंड उघडताच चित्र थिजले. दुसऱ्यांदा ते पडद्याच्या कडेलाच थांबले. तिसऱ्यांदा नुसती ढोलकी वाजली.

"काहून थांबले रे तुये बाबा?" आई मागून म्हणाली. "सीडी बिघडली का तुयं डबडंच बिघडलं?"

मी डिस्क उजेडात तिरपी धरली. चमकत्या बाजूवर बोटाएवढा लाल डाग होता आणि त्याभोवती बारीक ओरखडे. दर वर्षी तिथीला आई बाबांच्या फोटोसोबत डिस्कलाही कुंकू लावते. आधी जुना टिळा पदराने घासून काढते.

"हळू पुस न बाबू," मी रुमाल काढताच ती म्हणाली. "मी तं किती जपली हाय."

मी डाग रुमालाने अलगद टिपला.

उद्या तिथी आहे. कुंकवाची वाटी तिने आत्ताच फोटोजवळ आणून ठेवली. डिस्क मी परत लॅपटॉपमध्येच ठेवली आहे, कुंकवापासून दूर. चौथ्यांदा लावायची हिंमत होत नाही.

अशी डिस्क कोणी वाचवली असेल तर सांगा. आणि आईला काय सांगू, तेही सांगा.