नानांनी मनातलं मोठ्यानं बोलावं म्हणून

लग्नाला बारा वर्षं झाली, पण सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, मला कधी वावगा शब्द ऐकवला नव्हता. ती सोय मीच करून दिली.

नाना न्हावा शेवा बंदरात कारकून होते. काचबिंदूनं नजर गेल्यापासून आमच्याकडे सानपाड्याला असतात. डॉक्टरची अपॉइंटमेंटसुद्धा मला सांगून घ्यावी लागते, हे त्यांना फार लागतं. आणि मी नेमकं अपॉइंटमेंटचंच ॲप बनवत होतो! सोमवारी ते लोकांच्या हातात जाणार. त्याआधी दृष्टी गेलेल्या माणसाकडून चाचणी करून घ्या, असं ऑफिसातल्या मॅडमनी बजावलं.

रविवारी नाना सोफ्यावर, मॅडम व्हिडिओ कॉलवर.

"नाना, डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायची. मी मदत करणार नाही. मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं."

"येईल ते?"

"अगदी येईल ते!"

(ॲप आपलं आहे हे सांगायचं नसतं. माणूस भिडेखातर गोड बोलतो.)

फोन पडद्यावरचं मोठ्यानं वाचू लागला, "बटण. बटण. बटण."

"अहो, कसलं बटण?"

प्रत्येक बटणावर मी सुरेख चित्र काढलं होतं. फोनला वाचता येईल असं नाव द्यायचं तेवढं राहिलं!

"जावईबापू, कुठलं दाबू?"

"वरचं डावी..."

"सर, हिंट नाही!" मॅडम कडाडल्या.

नानांनी अंदाजानं दाबलं. "बालरोग विभाग. लसीकरण. अपॉइंटमेंट पक्की."

आत सुजाता, माझी बायको, फिस्सकन हसली. नानांचा पारा चढला.

"कुठल्या गाढवानं बनवलंय हे? एक काम स्वतःचं स्वतः करीन म्हटलं, तर तेवढंही नाही! असल्या माणसाला पोरगी दिली कोणी?"

"तुम्हीच, नाना!" सुजाता आतून ओरडली.

नाना गोरेमोरे झाले. "माफ करा हं, जावईबापू."

"छे, छे! बोला, चाचणी चालू आहे."

मग नाना बारा वर्षांचं साठलेलं वीस मिनिटं बोलले. मॅडम भराभर लिहून घेत होत्या.

ॲपचा सोमवार पुढे गेला. आठवडाभर बसून मी एकेका बटणाला नाव दिलं. पुढच्या रविवारी नानांनी एकट्यानं, कोणाला न विचारता, डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. त्यांचा चेहरा असा फुलला की मलाच भरून आलं.

शेवटचा प्रश्न तेवढा राहिला होता, सोबत कोण येणार? फोननं वाचलं, "नातेवाईक. मित्र."

"जावई नातेवाइकांत धरतात ना?"

"धरतात, नाना!" मी नियम मोडून म्हणालो.

"नातेवाइकाशी कुठं मनातलं बोलता येतं? मग तुम्ही मित्र," म्हणत नानांनी बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात, बिनचूक!