आईनं न्हाऊ घालणं सोडलं तेव्हा

माझ्या बाळंतपणाला आई पुण्याहून इंग्लंडला, आमच्या मेडनहेडला आली होती. लेक आता माझ्या खांद्याला लागलीय, पण तेव्हाचा बाथरूममधला खोबरेल तेलाचा नि डाळीच्या पिठाचा वास अजून आठवतो. आई पाटावर पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर पालथं घालायची आणि त्याच्याशी अखंड बडबडायची. काय सुखाचे दिवस होते ते!

आणि एका सकाळी म्हणाली, "आजपासून तूच घाल गं न्हाऊ. मला पित्त झालंय."

माझा पारा चढलाच. "एवढी लांब आलीस ती काय आराम करायला?" असं बोलून गेले. मेलं माझं तोंड! पुढे आठवडाभर बाळ रडलं तरी ती उचलेना, नुसती आमसुलाचं पाणी पीत बसायची. मीही फुगून बसले.

मग एकदा वरच्या फळीवरचा डबा काढायला तिनं मान वर केली आणि फ्रिजलाच मिठी मारली. "घर फिरतंय गं," म्हणाली. घाबरून मी तिला जीपीकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे नेलं. बाळ प्रॅममध्ये झोपलेलं.

डॉक्टरीणबाई विचारत होत्या, मी मराठीत सांगत होते. कधी फिरतं? मान वळवली की. किती वेळ? वीस आकडे मोजेपर्यंत. पहिल्यांदा कधी झालं?

आई माझ्याकडे न बघता बोलली. "त्यांना सांग, बाळ पायांवर होतं. तांब्या घ्यायला वळले नि सगळं गरगरलं. तेलानं बुळबुळीत पोर, निसटलीच होती. कशीबशी दंडाला धरली. तेव्हापासून तिला हात लावायची भीती वाटते."

हे मी बाईंना शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं.

बाईंनी आईची मान उजवीकडे वळवून तिला पटकन मागे आडवं केलं. आईचे डोळे आपोआप थरथरायला लागले, तिनं माझं मनगट आवळलं. "सापडलं!" बाई म्हणाल्या. कानातले बारीक खडे जागचे हलले होते. मान हळूहळू एकेका बाजूला वळवत त्यांनी ते तिथल्या तिथे परत बसवले.

"आता बाळ घेऊ का, विचार."

"दोन दिवस थांबा, मग खुशाल घ्या."

बसस्टॉपवर मी चिडून म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू तिला पुन्हा माझ्याकडे दिली नसतीस."

मी प्रॅममधलं बाळाचं पांघरूण सारखं केलं. नसतीच दिली.