कनवटीची काडेपेटी

आणखी एक काडी मोडली. गेलेल्या मुलाच्या बाबांनी ती टाकली आणि पेटीतून दुसरी काढली. ती नुसतीच खसखसली. गूल, म्हणजे काडीच्या टोकाचा मसाला, पेटीच्या पट्टीला फासला गेला. चितेभोवती उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

परळच्या बाजूला एका स्मशानात मी अटेंडंट आहे. लाकडं रचायची, चिता नीट धरतेय का बघायचं, हे माझं काम. यात शिकण्यासारखं काय आहे, असं लोकांना वाटतं. साधं काडीचं घ्या. येताना वाटेतल्या दुकानातून मेणाच्या काड्या उचलून आणतात. त्या देवापुढच्या निरांजनाला ठीक. उघड्यावर ज्योत टिकत नाही आणि मेण तापलं की काडी मान टाकते. गॅसचा लायटर घेऊन येणारे महाभागही मी पाहिलेत. उघड्यावर लाकडी काडी हवी, तीही जाड. वाऱ्याकडे पाठ करायची. काडी पेटली की टोक जरासं खाली करायचं, म्हणजे आग काडीच्या लाकडावर चढते. वरून ओंजळीचा आडोसा द्यायचा. आणि सगळ्यात आधी पेटी कोरडी हवी.

पूर्वी घरूनच मडक्यात विस्तव यायचा. अजूनही काहीजण आणतात. पण हा मुलगा हॉस्पिटलमधून थेट आमच्याकडे आला होता. मुलगा म्हणजे चांगला पस्तिशीचा माणूस. तापाचं निमित्त झालं आणि गेला. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून अग्नी द्यायला बापच उभा होता.

आमचे साहेब ऑफिसच्या दारातून ओरडले, "काय झालं रे? दुसरी बॉडी गेटवर आलीय."

"काडी पेटत नाहीये, साहेब."

"मग तू पेटव ना!"

साहेबांचं काय जातंय बोलायला? अग्नी कोणी द्यायचा हे ऑफिसातून ठरत नाही.

एवढ्यात मुलाचा मामा माझ्याजवळ सरकला. हळूच म्हणाला, "दोघं बोलत नव्हते हो. यांनी खटपट करून याला माझगावच्या गोदीत चिकटवलं होतं. हा नोकरी सोडून बसला. रंगीत मासे आणि काचेच्या टाक्या विकायचं दुकान काढलं. तेव्हापासून अबोला. एकाच खोलीत राहायचे. जेवायला बसलं की एकमेकांचे निरोप माझ्या बहिणीने सांगायचे."

मग तो बाबांकडे वळला. "भावोजी, त्याचं मन अडकलंय. काहीतरी कबूल करा त्याला."

पिंडाला कावळा शिवला नाही की माणसं कबुल्या देतात, तसंच हे. बाबा काडी हातात धरून थांबले. मग चितेकडे वाकले आणि अगदी हळू, लहान पोराची समजूत काढावी तसे बोलले, "दुकान बंद करूचंय नाय तुझा. माशांका मी खाणा घालीन. पेट रे बाबा. बोलतंय मां मी आता तुझ्याशी."

काडी घासली. मोडली.

मला बघवेना. या कामात मन घट्ट होतं म्हणतात, पण तसं काही होत नाही. मी खिशातली माझी पेटी पुढे केली. बाबांनी माझा हात बाजूला सारला.

"नको. तेका माझ्या हातचो इस्तव नको. म्हणान पेटणा नाय."

माझं लक्ष त्यांच्या कमरेकडे गेलं. अग्नी देण्याआधी आमच्या नळाखाली आंघोळ करतात आणि ओल्या पंच्यानेच चितेपाशी येतात. पंच्याला खिसा नसतो. बाबांनी काडेपेटी कनवटीला खोचून आणली होती. त्या ओल्यात कसली काडी पेटतेय?

मी त्यांची पेटी मागून घेतली आणि त्यांच्यासमोर काडी घासली. पेटली नाही. दुसरी घासली, तिचा गूल गळून पडला.

"बाबा, माझ्याही हातात पेटत नाहीये. माझं कुठे भांडण होतं त्याच्याशी? पेटी भिजलीय. हात लावून बघा."

त्यांनी पट्टीवर अंगठा फिरवला. अंगठ्याला तपकिरी चिखल लागला. तो त्यांनी पंच्याला पुसला. मग त्यांनी माझी पेटी घेतली. मी वाऱ्याच्या बाजूला उभा राहिलो. काडी पेटली, लाकडाच्या ढलपीवरच्या कापराने पेट घेतला, आणि बाबांनी अग्नी दिला. मामाने सुटकेचा श्वास सोडला. मलाही बरं वाटलं. एका बापाच्या मनातला मोठा सल काढला, अशी माझी समजूत झाली.

सगळं आटोपल्यावर बाबा माझ्याकडे आले. कपडे बदललेले होते, डोळे कोरडे होते. माझी पेटी परत करत म्हणाले, "एक इचारू? पेटी सुकी आसती, तर पयलीच काडी पेटली आसती?"

"हो, बाबा. लगेच."

"मी काय बोललंय नसतंय, तरी?"

"तरी पेटली असती."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी बोललंय, ता तेना आयकल्यानच नाय."

मी पेटी खिशात टाकली. मामा त्यांना दंडाला धरून गेटबाहेर घेऊन गेला, आणि साहेबांनी पुढची बॉडी आत घ्यायला सांगितली.

आताही ओल्या पेट्या येतात. काडी दोन-तीनदा फसली की मी मधे पडतो, हातातली पेटी काढून घेतो आणि तिच्या जागी माझी कोरडी ठेवतो. कोणी काही कबूल करत असलं, तर त्याचं बोलून होईपर्यंत थांबतो. मग काडी पेटते. का पेटली, ते मी कोणाला सांगत नाही.