पेला सांडला

लाँड्रीबाईचं नाक हे नुसतं नाक नव्हतं, ते एक पोलीसखातं होतं. मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत बावीस वर्षं चादरी धुतल्यावर माणसाला दुसरं काय मिळणार? गुडघेदुखी आणि नाक. ढिगातली चादर चिमटीत धरून ती लांबूनच सांगायची: ही दारू, हे केसांचं तेल, आणि हे बाळ. ‘बाळ’ म्हणजे काय ते तळघरात सगळ्यांना कळायचं. कधी कधी बाळाचं वय साठ असायचं, पण हॉटेलात पाहुण्याचा अपमान करायचा नसतो.

अशा बाईच्या घरातच अंथरूण ओलं व्हायला लागलं. नशिबाला थट्टा करायची हुक्की आली की ते असं नेमकं घर शोधतं.

अंथरूण सासूचं. सासू-सुनेचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, आणि यात भोपळा कोण हे सव्वीस वर्षांत ठरलं नव्हतं. गेल्या वर्षी सासू न्हाणीघरात घसरली, कंबर गेली, पाय लुळे पडले आणि त्यामागोमाग बाकीचा ताबाही सुटला. जीभ तेवढी शाबूत राहिली. मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचा पलंग लागला, शेजारी स्टूल, स्टुलावर पाण्याचा पेला. चादर पहिल्यांदा ओली झाली तेव्हा सासूने हात लांबवून तो पेला अंथरुणावर आडवा केला आणि हाक मारली, “अगं ए साबणवाली, पेला सांडला बघ.”

लाँड्रीबाई आली, वाकली, आणि तिच्या नाकाने उभ्या उभ्या पंचनामा केला. पण सासूच्या डोळ्यांत असा दरारा होता, की जणू सुनेनेच तो पेला मुद्दाम काठावर ठेवला होता. त्या दिवसापासून त्या घरात फक्त पेला सांडू लागला. सकाळी सांडायचा, दुपारी सांडायचा, पाहुणे आले की हमखास सांडायचा. इतका कमनशिबी पेला अख्ख्या शहरात नसेल.

“आधीच ओलं, त्यावर आणखी पेलाभर ओततात,” असं तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. नवरा बसवर ड्रायव्हर. त्याचा हॉर्न सगळा रस्त्यावर वाजायचा, घरी आला की नुसता ब्रेक. त्याने मान हलवली. त्या हलवण्यात हो की नाही हे त्याचं त्यालाही कळलं नसेल. एवढं मात्र केलं, की दुपारनंतरची बस मागून घेतली. पहाटेची पाळी ती करायची, सकाळी आईपाशी तो, दुपारपासून ती. दोघं नवराबायको दारात भेटायची आणि “सांडला का?” “दोनदा,” एवढा संसार करून पांगायची.

सासूवरचा सगळा राग ती चादरीवर काढायची. राग असा शिस्तीचा, की बघत राहावं. गादीवर आधी रबरी शीट, तिच्यावर कमरेखाली एक आडवी चादर, म्हणजे सांडलं तरी तेवढीच ओढून काढायची. चादर निघाली की लगेच गार पाण्यात. गरम पाण्याचं नाव काढायचं नाही, गरमाने वास धाग्यात घर करतो. मग बादलीभर पाण्यात दोन कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवायची, मग डाग खाणारी पावडर, मग गच्चीवर ऊन. ब्लीचची बाटली तिने घरातूनच हद्दपार केली होती. लाँड्रीतल्या एका नव्या पोरीने ‘बाळा’वर ब्लीच ओतलं होतं, तेव्हा उठलेल्या वाफेने सगळं तळघर खोकत जिन्यावर पळालं होतं. आणि कपडे मऊ करणारं ते सुगंधी पाणी तर तिला शत्रूसारखं. तिच्या मते ते म्हणजे आंघोळ न करता पावडर लावणं.

आता नणंद. नणंदेला गल्लीत ‘फवारा’ म्हणत. मोठ्या दुकानात ती अत्तरं विकायची, पांढराशुभ्र कोट घालून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनगटावर फुसकन मारून. म्हणजे घर एक आणि धंदे दोन: एकीचा वास काढायचा, दुसरीचा वास चढवायचा. दोघींचं पटणार कसं? फवारा दर रविवारी आईला बघायला यायची. चप्पल काढायच्या आधी दोन वेळा हुंगायची आणि म्हणायची, “वहिनी, काहीतरी येतंय हं.” काही येत नसायचं. लाँड्रीबाईच्या घरात वास यायला वासाची हिंमत नव्हती. पण नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं नणंदेला भांडता येईना तर हवा वाकडी.

आई नुसती पायांनी अधू आहे, एवढंच फवाऱ्याला माहीत होतं. सासूने सुनेला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, की लेकीला कळलं त्या दिवशी मी अन्नपाणी सोडीन आणि मेल्यावर तुझ्या मानगुटीवर बसेन. सून गप्प राहिली ती दयेने नव्हे. झाकली मूठ होती ती. कधीतरी उघडायला कामी येईल म्हणून जपून ठेवलेली.

एका रविवारी फवाऱ्याने सरळच सांगितलं. शहराबाहेर एक चांगला वृद्धाश्रम तिने बघून ठेवला होता. नाव नोंदवायचा कागदही पर्समध्ये होता. ज्या दिवशी या खोलीत मला खरोखर वास येईल, त्या दिवशी आई तिकडे. आणि मग मीच सगळ्यांना सांगेन, म्हणाली, की हॉटेलच्या हजार चादरी धुणारीला घरातली एक गादी राखता आली नाही.

शेजारच्या बायका लाँड्रीबाईला म्हणाल्या, अगं, सुंठेवाचून खोकला जातोय, जाऊ दे. पण तिला ते वाक्य झोंबलं होतं. सासू गेली असती तर तिने दुःख आवरलं असतं, फार त्रास झाला नसता. पण वासामुळे गेली असती तर उद्या तळघरात कुठल्या नाकाने उभं राहायचं? बावीस वर्षांत तिच्या हातची चादर परत आली नव्हती. सासू परत गेली तर ती पहिलीच.

आणि नेमकं तेव्हाच तिच्या थोरल्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. चार दिवस जाणं भाग होतं. फवारा म्हणाली, जा की, मी रजा घेत नाही पण पाळी बदलून राहते इथे, दादा आहेच. चेहरा असा गोड, की मुंग्या लागाव्यात.

जाण्याआधी लाँड्रीबाई नणंदेसाठी चिठ्ठी लिहायला बसली ती सासूच्याच खोलीत, स्टुलावर. सासू मान वर करून पेनाकडे बघत होती. पहिला शब्द लिहायचा तर कोणता? पेन थांबलं. सासूने नुसता घसा खाकरला. शेवटी लाँड्रीबाईने लिहिलं: ‘पेला सांडला की लगेच आडवी चादर काढून गार पाण्यात टाकणे. गरम नको. व्हिनेगर अर्धा तास. पाठ कोरडी पुसणे. रबरी शीट काढू नये.’ आणि चिठ्ठी कपाटाच्या दाराला चिकटवली. वर्षभर ‘पेला’च म्हणायची सवय, तिला स्वतःलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

फवाऱ्याने चिठ्ठी वाचली आणि हसून हसून पलंगाच्या कडेवर बसली. एक पेला पाणी सांडलं तर व्हिनेगर! हिला लाँड्रीने वेड लावलंय. मग आईला रबरावर घाम येतो म्हणून तिने पहिल्या दिवशीच शीट काढून गुंडाळून ठेवली. पेला सांडला. तिने टॉवेलने वरवर टिपलं, चादर पालटली आणि गादीचा ओला भाग इस्त्रीने खडखडीत वाळवला. पाणीच ते, उडून जाईल. पेला पुन्हा सांडला, इस्त्री पुन्हा फिरली. दुसऱ्या दिवशी खोलीत वास उठला तेव्हा तिने भाऊरायाला बोलावून विजयी मुद्रेने सांगितलं: बघ, वर पाणी पडलं आणि तुझ्या बायकोचं खाली मुरलेलं पाप वर आलं. भाऊरायाने ब्रेक मारला. बहिणीला खरं सांगायचं तर आईचा शब्द मोडायचा, न सांगायचं तर बायकोचा बळी. तो लवकरच ड्यूटीला निघून गेला. तिसऱ्या दिवसापासून फवारा गादीवर दुकानातलं मोगऱ्याचं अत्तर मारू लागली. मोगरा आणि ते दुसरं मिळून जे तयार झालं, त्याला नाव द्यायला अजून शब्द निघाला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी लाँड्रीबाई परतली. जिन्याच्या दुसऱ्या वळणावरच ती थांबली. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वासच फिरला होता आणि आता घर फिरणार होतं.

खोलीत नणंद कोट घालूनच उभी होती, नवरा भिंतीला टेकून, आणि स्टुलावर पेल्याशेजारी तो कागद. सही तेवढी बाकी. लाँड्रीबाईने कुणाशी बोलायच्या आधी सासूला कुशीवर वळवून पाठ बघितली. पाठ लालभडक, ओलसर, कडेला कातडी सोलवटलेली. मग तिने हाताचा तळवा गादीवर दाबला आणि नाकाशी नेला. रबरी शीट कोपऱ्यात गुंडाळलेली होती. दारातून दिसणाऱ्या ओट्यावर इस्त्री. सगळा पंचनामा झाला.

फवारा बोलायला लागली ती थांबेना. हा वास चार दिवसांचा नाही म्हणाली, मुरलेला आहे. रोज चादरी धुवायचा देखावा करायचीस आणि खाली ही घाण. तिकडे नर्सेस आहेत, वेळच्या वेळी सगळं होतं. दादा, सही कर. दादाने पेन घेतलं आणि ते उघडतंय की नाही हे फार वेळ तपासलं.

लाँड्रीबाईच्या मुठीत ते होतंच. एक शब्द, नीट स्पष्ट उच्चारून, या पोरीच्या तोंडावर. तिने तोंड उघडलं. सासू तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत विनवणी नव्हती. विनवणी असती तर कदाचित लाँड्रीबाई बोलूनही गेली असती. नजर नेहमीचीच होती: बोल, बघतेच तुला.

“वन्सं,” लाँड्रीबाई म्हणाली, “पेला—”

“पेला माझा आहे,” सासूने तिला तोडलं. “मी सांडते. वर्षभर सांडतेय. ही इथे असताना कधी वास आला होता गं तुला? खरं सांग. दर रविवारी हुंगायचीस नुसती, आला कधी?”

फवारा म्हणाली, तेच तर म्हणतेय, पाण्याला वास कसा येईल, म्हणजे आधीचंच—

“पाणी तेच होतं,” सासू म्हणाली. “पुसणारी बदलली. ही मेली बोलते तेव्हा कानात शिसं ओतल्यासारखं होतं, पण हिला नाक आहे. तुला नुसती बाटली आहे.”

फवाऱ्याच्या कपाळावर आठी आली, ती हिशेब जुळत नसल्याची. आई, पेला, चिठ्ठी, व्हिनेगर. तिची नजर पलंगावरून चिठ्ठीकडे गेली आणि परत आली. आता लाँड्रीबाईला तो शब्द उच्चारायची गरजच उरली नाही. तिने फक्त ओट्याकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, “वन्सं, गादी केलीत त्याच इस्त्रीने हा कोट केलात का?”

फवाऱ्याचा हात कॉलरवर गेला. मग तिने बाही उचलली, नाकापाशी नेली, आणि चेहऱ्याचा रंग कोटाशी जुळला. दोन दिवस दुकानात गिऱ्हाइकं मनगट पुढे करून अचानक मागे का घेत होती, ते बहुधा त्याच क्षणी उलगडलं असावं. तिने पर्स उचलली, कागद तिथेच राहिला, आणि जिन्यावरून सँडल्सचा आवाज खाली खाली जात बंद झाला. नवऱ्याने पेनाचं टोपण लावलं. वर्षभरात त्याने घेतलेला हा सर्वांत ठाम निर्णय.

पुढचे तीन दिवस युद्ध चाललं. सासूला पुढच्या खोलीतल्या दिवाणावर हलवलं, पाठीला डॉक्टरांनी दिलेलं मलम. गादीवर व्हिनेगरचं पाणी शिंपडायचं, कोरड्या टॉवेलवर गुडघा देऊन दाबायचं, टॉवेल पालटून पुन्हा दाबायचं. मग खायचा सोडा जाडसर पसरून आठ तास, झाडून पुन्हा सोडा, आणि नवऱ्याच्या खांद्यावरून गादी गच्चीवर उन्हात. मूत एका दिवसात निघतं, सगळी अडचण मोगऱ्याची आहे, असं ती गादी उलटता उलटता पुटपुटली. घरात तो शब्द पहिल्यांदाच निघाला आणि तोही गच्चीवर, ऐकायला फक्त नवरा. तिसऱ्या दिवशी गादीला कशाचाच वास येईना. लाँड्रीबाईने ती चारही कोपऱ्यांना हुंगली आणि खाली आणली.

आभारबिभार कुणी मानले नाहीत. दिवाणावरून पलंगावर येताना सासू म्हणाली, की तुझे हात म्हणजे खरखरीत काथ्या. सून म्हणाली, मग नर्सेसकडे जायचं होतंत.

संध्याकाळी ती पेला भरून घेऊन आली. जुना नव्हे. जुन्याच्या दुप्पट, स्टीलचा, रुंद तोंडाचा. ताज्या डागावर लगेच पाणी पडलेलं बरंच असतं, खाली रबर असलं की. हे तिला वर्षभर दिसत होतं, पण कबूल करायचं म्हणजे सासूने शोध लावला असं झालं असतं. तिने पेला स्टुलावर ठेवला, सासूच्या हाताशी, काठाला लागून.

“मोठा आणलाय,” ती म्हणाली. “सांडायचाच आहे तर पुरता सांडत जा.”

सासूने पेल्याला बोट लावून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “कोमट आहे हे. गार भरून आण. कोमटाने वास बसतो.”

लाँड्रीबाईच्या अगदी जिभेवर आलं होतं, की पाण्याला कसला आलाय वास, सासूबाई? सव्वीस वर्षांत असा चेंडू हातात आयता आला नव्हता. सासू खिडकीबाहेर बघत राहिली, आणि चेंडू तसाच सोडून ती पेला उचलून गार पाणी भरायला गेली.